टिडलीविकी: एका फाईलीतली डायरी की दुकानातला सर्व्हर? चार वर्षं वापरून लिहितोय

अमळनेरला धुळे रोडला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आप्पांनी टाकलेलं, आता मी आणि माझा भाचा मिळून बघतो. शेतातल्या सबमर्सिबल, मोनोब्लॉक, गिरणीच्या मोटारी, उन्हाळ्यात कूलरचे पंप, असं सगळं येतं. नोट्स लिहायच्या सॉफ्टवेअरवर रिवाइंडिंगवाला काय लिहिणार असं कुणाला वाटेल, पण आमचा धंदाच नोंदींवर चालतो आणि ह्या चार वर्षांत मी आधी एक ऑनलाईन अ‍ॅप, मग एकाच फाईलीत चालणारं ऑफलाईन टिडलीविकी, मग त्याच टिडलीविकीचं सर्व्हरवालं रूप, तिन्ही वापरलंय, म्हणून लिहितोय. ज्याला स्वतःच्या कामाच्या नोंदी कंप्युटरवर ठेवायच्यात त्याला उपयोग होईल, मग तो शेतकरी असो, मास्तर असो की मेडिकलवाला.

आधी आमच्या नोंदी म्हणजे काय ते सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. जळालेली मोटार आली की खोलायची, स्टेटरचे (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाचे) स्लॉट म्हणजे खाचा मोजायच्या, कॉइल एका बाजूने छिन्नीने कापायची आणि एका कॉइलमध्ये किती तारा आहेत त्या एकेक करून मोजायच्या. मग तारेवरचं इनॅमल जाळून, पुसून मायक्रोमीटरने गेज म्हणजे जाडी बघायची, पिच म्हणजे कॉइल कोणत्या स्लॉटमधून कोणत्या स्लॉटमध्ये जाते ते लिहायचं (२४ स्लॉटची दोन पोलची मोटार आणि एकेरी थराची वायंडिंग असली की बहुतेक १ ते १२ आणि २ ते ११), कॉइलचे ग्रुप कसे जोडलेत, जोडणी स्टार आहे की डेल्टा, स्टॅकची म्हणजे स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांच्या थप्पीची लांबी किती. ह्या सगळ्याला आमच्यात नुसतं डेटा म्हणतात. एचपी सारखा, स्लॉट सारखे, तरी स्टॅक लांब असला की टर्न म्हणजे तारेचे वेढे कमी लागतात, त्यामुळे अंदाजाने तार भरून चालतच नाही. टर्न कमी पडले तर मोटार रिकामी फिरतानाच जास्त अँपिअर ओढते आणि तापते, जास्त झाले तर जोर धरत नाही. आणि पुढच्या वेळी तशीच मोटार आली आणि डेटा हाताशी असला तर कापाकापी, मोजामोजीचा सगळा वेळ वाचतो, सरळ स्लॉटमध्ये घालायचा लेदरॉइड पेपर कापायला बसायचं.

हा डेटा आप्पांच्या पाच डायऱ्यांत आहे. पहिलीवर १९८६ साल छापलंय, कोणत्यातरी खतवाल्याने वाटलेली डायरी. त्यातल्या एका पानावर वार्निश सांडलंय आणि एका ५ एचपीच्या मोटारीचे टर्न ३३ आहेत की ३८ हे खुद्द आप्पांनाही सांगता येत नव्हतं. बाकी आप्पांना सगळं तोंडपाठ, पातोंड्याची मोटार म्हटलं की लाल डायरी, मागून दहावं-बारावं पान, बरोबर काढून देणार. पण ती सोय आप्पांच्या डोक्यात आहे, डायरीत नाही, हे मला त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी कळलं, ते पंधरा दिवस दुकानात नव्हते आणि मी एका डेटासाठी पाचही डायऱ्या दोनदा चाळल्या.

तेव्हा पहिल्यांदा फोनवर एक नोट्सचं अ‍ॅप घेतलं, नाव सांगत नाही कारण तसे सगळेच त्याच पद्धतीचे असतात, नोंदी त्यांच्या सर्व्हरवर आणि आपल्या हातात फक्त खिडकी. सुरुवातीला फार आवडलं, फोटो टाकता येतात, फोनवर लिहिलं की कंप्युटरवर दिसतं. आठ-नऊ महिने मन लावून भरलं. मग मे महिन्यात रस्त्याच्या कामात केबल तुटली, दुकानातलं नेट गेलं, वरून पत्र्याचं शेड, फोनला नेटची एक कांडी. मारवडचे एक काका ट्रॅक्टरवर मोटार घेऊन आलेले, विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटार कोरडी फिरली आणि जळाली, बागायती कापसाची लागवड तोंडावर. मला पक्कं माहीत होतं की हीच मोटार मी मागच्या वर्षी भरलीय, अ‍ॅपमध्ये नोंदीचं नावसुद्धा दिसत होतं, पण आत बोट लावलं की गोल चक्र फिरत राहायचं. नोंद माझी, मीच लिहिलेली, माझ्याच फोनवर तिचं नाव, आणि आतला आकडा मला दिसेना. काका म्हणाले, "राहू दे भो, मोजी घे परत." मोजली परत. रात्री साडेअकरापर्यंत बसलो आणि त्या रात्रीच ठरवलं की पोटापाण्याची गोष्ट अशी दुसऱ्याच्या कपाटात ठेवायची नाही.

आणि हे फक्त नेटचं नाही. सर्व्हरवरच्या सेवेचे नियम त्यांच्या हातात असतात. गुगलचं नोटबुक म्हणून एक होतं, ते २०१२ ला बंद झालं. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून फुकटवाल्यांना ५० नोंदी आणि एकच वही एवढी मर्यादा घातली. त्यांचा धंदा आहे, त्यांनी ठरवावं, त्यात गैर काही नाही, पण आमच्याकडे आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पोळ्यापर्यंतच ५० च्या वर नवीन डेटा होतो.

टिडलीविकी मला भाच्याने दाखवलं, तो जळगावला डिप्लोमाला होता तेव्हा प्रॅक्टिकलच्या नोंदी त्यात ठेवायचा. जेरेमी रस्टन नावाच्या इंग्रज माणसाने २००४ साली बनवलं, फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, आणि त्यातली गंमत अशी की इन्स्टॉल करायला काहीच नाही. एक एचटीएमएल फाईल मिळते, रिकामी असताना दोन-अडीच एमबी, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एखाद्या छोट्या व्हिडिओएवढी, ती ब्राउझरमध्ये उघडायची आणि लिहायला लागायचं. लिहायचं यंत्र आणि लिहिलेलं दोन्ही त्याच एका फाईलीत. पेनड्राईव्हवर टाकून दुसऱ्या कंप्युटरवर नेली तरी तिथे तशीच्या तशी चालते, नेट नसलं तरी चालते, विंडोज असो लिनक्स असो, ब्राउझर पाहिजे फक्त.

त्यातल्या एका नोंदीला टिडलर म्हणतात, इंग्रजीत टिडलर म्हणजे अगदी बारका मासा. कल्पना अशी की लांबलचक पान लिहायचंच नाही, एकेक छोटी नोंद वेगळी करायची आणि एकमेकींना बांधायची. हे मला आधी पटलं नव्हतं, मी डायरीसारखं तारखेचं एक पान करून त्यात दिवसभराचं सगळं कोंबायचो. भाच्याने ते मोडून दिलं. आता मोटारीची नोंद वेगळी, गिऱ्हाइकाची वेगळी, गावाची वेगळी. मोटारीच्या नोंदीत स्लॉट, टर्न, गेज, पिच, स्टॅक असे ठरलेले रकाने असतात, त्यांना फील्ड म्हणतात, आणि गिऱ्हाइकाचं नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिलं की तिथे लिंक तयार होते. मग गिऱ्हाइकाच्या पानावर जाऊन त्याच्याशी बांधलेल्या सगळ्या मोटारी एका यादीत बघता येतात. फिल्टर लिहून तक्तेही बनतात, उदाहरणार्थ साडेसात एचपीच्या ज्या मोटारी ह्या वर्षात दोनदा आल्या त्या दाखव. फिल्टर लिहायला मला महिना लागला शिकायला, ती भाषा थोडी वाकडी आहे, पण एकदा बसलं की बसलं.

याचा एक फायदा सांगतो जो डायरीत कधीच मिळाला नसता. आम्ही प्रत्येक नोंदीला गावाचा टॅग लावतो आणि शेतकऱ्याला विचारून कोणत्या डीपीवरची (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरची) लाईन आहे तेही लिहितो, मी नाही, भाच्याने ती सवय लावली. मागच्या रब्बीत शिरूडकडच्या एका शिवारातून तीन आठवड्यात चार मोटारी आल्या. चार वेगळे शेतकरी, चार वेगळे दिवस, मी एकेक मोटार भरून देत गेलो आणि माझ्या काहीच ध्यानात आलं नाही. भाच्याने डीपीचा टॅग उघडला तर चारही त्याच डीपीवरच्या, आणि चारही मोटारींत जळाल्याची खूण सारखी, काही ग्रुप काळे कोळसा आणि बाकीचे स्वच्छ, म्हणजे एक फेज उडाल्यावर मोटार दोन फेजवर घुमत राहिलेली. आम्ही चौघांना फोन करून सांगितलं की बाबांनो रिवाइंडिंगवर पैसे घालण्याआधी स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारं यंत्र) बसवा आणि डीपीवरचे फ्यूज बघायला लावा. तिघांनी बसवला. त्या तिघांची मोटार नंतर आमच्याकडे आलेली नाही. गिऱ्हाईक कमी झालं म्हणा, पण नंतर त्या शिवारातून विहिरीवरचं नवीन फिटिंगचं काम आम्हालाच आलं.

आता ज्याच्यावर लोक अडतात ते सांगतो, सेव्ह करणं. ब्राउझरला तुमच्या हार्डडिस्कवर सरळ लिहायची परवानगी नसते, सुरक्षेसाठीच तसं असतं, त्यामुळे टिडलीविकीत सेव्हचं बटण दाबलं की साधारणपणे नवीन प्रत डाउनलोड होते. पुन्हा सेव्ह केलं की अजून एक प्रत. पूर्वी फायरफॉक्सला टिडलीफॉक्स नावाचं एक्स्टेन्शन होतं त्याने जागच्या जागी सेव्ह व्हायचं पण नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि जुनी एक्स्टेन्शन चालेनाशी झाली, त्यात तेही गेलं. आता टिडलीडेस्कटॉप नावाचा वेगळा प्रोग्राम आहे, त्यात फाईल उघडली की सरळ त्याच फाईलीत सेव्ह होते. अँड्रॉइडवर टिडलॉइड आहे. कंप्युटरवर वापरणार असाल तर माझं ऐका, पहिल्याच दिवशी टिडलीडेस्कटॉप घ्या आणि त्याच्यातलं बॅकअप चालू करा, नुसत्या ब्राउझरच्या भरवशावर एक दिवसही काढू नका.

मी काढले होते, म्हणून सांगतोय. सुरुवातीला मी डाउनलोडवालीच पद्धत वापरायचो, डाउनलोड फोल्डरमध्ये एकाच नावाच्या सतरा-अठरा फाईली, कंसात १, २, ३ असे आकडे. एक दिवस घाईत कंसात ९ वाली उघडली, ती आठ दिवस जुनी होती, त्यातच दोन दिवस नवीन डेटा भरत गेलो, आणि मग जागा खाली करायची म्हणून बाकीच्या सगळ्या पुसल्या, रिसायकल बिनसकट. आठ दिवसांच्या २३ नोंदी गेल्या. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती, पण नव्या माणसाकडून ही चूक होणारच अशी ती पद्धत आहे आणि रिव्ह्यूमध्ये हे लपवून चालणार नाही. त्यातल्या १४ मोटारींच्या जॉबकार्डाच्या मागे भाच्याने पेन्सिलीने टर्न लिहून ठेवले होते ते परत भरले. नऊचा डेटा कायमचा गेला.

फोटोंचंही तसंच. फोटो फाईलीच्या आत टाकला तर तो मजकुराच्या रूपात साठतो आणि मूळच्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त जागा खातो, कनेक्शनचे दोनशे फोटो आत टाकले की फाईल जड होऊन प्रत्येक सेव्हला दम खाते. फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून नोंदीत फक्त पत्ता द्यायचा, तशी सोय आहे. आमची फाईल फोटो बाहेर काढल्यावर १,१०० नोंदींना साडेतीन एमबीच्या आत बसली आणि आय३ च्या जुन्या लॅपटॉपवर विनातक्रार उघडते.

पासवर्डही लावता येतो, अख्खी फाईल एन्क्रिप्ट होते. पण पासवर्ड विसरलात तर ओटीपी नाही, कस्टमर केअर नाही, फाईल गेली. आम्ही लावलेला नाही. स्लॉट आणि टर्न चोरून कोण काय करणार आहे.

तर एकट्या माणसासाठी ही एक फाईल म्हणजे माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट आहे, दोन वर्षं मी सुखात होतो. अडचण आली ती भाच्याने पारोळ्याला दुसरं दुकान टाकलं तेव्हा. तो शनिवार-सोमवार माझ्याकडे, बाकी तिकडे. दोघांकडे एकेक प्रत, दोघंही भरतोय, आणि आठवड्याने दोन फाईली समोर ठेवल्या की यातली खरी कोणती? दोन्ही खऱ्या. एक फाईल दुसरीत इम्पोर्ट करता येते, करायचोही, पण तीच नोंद दोघांनी बदललेली असली की कोणाची ठेवायची हे एकेक बघत बसावं लागायचं. एका फाईलीची जी ताकद आहे तीच इथे आडवी येते, कॉम्प्युटरला तिच्यात ११०० नोंदी दिसत नाहीत, एक गठ्ठा दिसतो, बदलला तर अख्खा गठ्ठा बदलला.

म्हणून मग सर्व्हरवालं रूप. हे त्याच टिडलीविकीचं आहे, वेगळं सॉफ्टवेअर नाही. कंप्युटरवर नोड जेएस नावाचा फुकट प्रोग्राम टाकायचा, त्यातून टिडलीविकी इन्स्टॉल करायचं, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) दोन कमांड द्यायच्या, एक विकीचं फोल्डर तयार करायला आणि एक ते ऐकायला बसवायला. मग ब्राउझरमध्ये ८०८० नंबरच्या पोर्टवर तीच आपली ओळखीची विकी उघडते, दिसायला तशीच. फरक आत आहे, इथे प्रत्येक नोंदीची वेगळी छोटी फाईल फोल्डरमध्ये पडते, टिड नावाच्या एक्स्टेन्शनची, नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. आणि सेव्हचं लचांड संपलं, नोंद पूर्ण केली की आपोआप फोल्डरमध्ये जाते. ह्या एका गोष्टीसाठी सुद्धा लोक सर्व्हरवालं घेतात आणि मला ते पटतं.

इथे एक गैरसमज असतो तो काढून टाका. सर्व्हर म्हटलं की लोकांना वाटतं इंटरनेट, महिन्याचं भाडं, मोठं कपाट. आमचा सर्व्हर म्हणजे काउंटरखाली ठेवलेला जुना पीसी, आठ वर्षांपूर्वी बिलांसाठी घेतलेला, ४ जीबी रॅम. दुकानाच्या वायफायवर असला की माझ्या फोनवर, हेल्परच्या फोनवर त्याच नोंदी उघडतात, बाहेरचं नेट बंद असलं तरी, कारण राउटर आणि पीसी दोन्ही दुकानातच आहेत. केबल तुटली त्या रात्रीसारखी वेळ आता आली तर काही फरक पडणार नाही. एवढंच की तो आधी फक्त स्वतःच्याच मशीनवर उघडतो, दुसऱ्या फोनला दिसायला होस्टची सेटिंग बदलावी लागते, आणि ती बदलली की वायफायचा पासवर्ड ज्याला माहीत तो प्रत्येक जण नोंदी बदलू शकतो, त्यामुळे यूजरनेम-पासवर्ड लावाच. हा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर मात्र सोडू नका, साध्या एचटीटीपीवर पासवर्ड उघडा जातो, त्याला पुढे एन्क्रिप्शनची भिंत बांधायची म्हणजे वेगळं काम आहे आणि ते येत असेल तरच हात घालावा.

दोघं एकाच वेळी वेगळ्या नोंदी लिहीत असले तर झकास चालतं, दुसऱ्याने केलेला बदल मिनिटाभरात आपल्याकडे दिसतो. पण एकच नोंद दोघांनी एकाच वेळी उघडून बदलली तर ज्याने नंतर सेव्ह केलं त्याचं राहतं, पहिल्याचं पुसलं जातं, आणि तशी काही सूचना येत नाही. पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसला हे नको. त्यांनी डोकुविकी बघावं, तेही डेटाबेसशिवाय साध्या फाईलींवर चालतं आणि तिथे पान कुणी उघडलेलं असलं की दुसऱ्याला कुलूप दिसतं, जुन्या आवृत्त्याही राहतात.

पारोळ्याचं कसं जुळवलं ते सांगतो कारण हे आम्ही स्वतः घासून घासून बसवलंय. इंटरनेटवर सर्व्हर उघडायचा नव्हता. मग दोन्ही दुकानांत एकेक टिडलीविकी सर्व्हर ठेवला आणि दोन्हीकडचं नोंदींचं फोल्डर सिंकथिंगने जोडलं. सिंकथिंग दोन कंप्युटरमधल्या फाईली एकमेकांशी सरळ जुळवतं, मध्ये कुठल्या कंपनीच्या ढगात प्रत राहत नाही. नोंद वेगळी फाईल वेगळी असल्यामुळे भाच्याने तिकडे १० मोटारी भरल्या आणि मी इकडे ६, तर १६ छोट्या फाईली इकडून तिकडे जातात, कोणी कोणावर पडत नाही. दिवसभर नेट नसलं तर दोघांची कामं आपापली चालू, रात्री नेट आलं की जुळतं. तीच नोंद दोघांनी बदलली असेल तर सिंक-कॉन्फ्लिक्ट नावाची वेगळी फाईल पडते, ती मी रविवारी हाताने बघतो, महिन्याला दोन-तीन निघतात. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा, टिडलीविकीचा सर्व्हर सुरू होताना फोल्डर वाचतो, नंतर बाहेरून आलेल्या फाईलींकडे बघत नाही, त्यामुळे पलीकडच्या दुकानातून आलेल्या नोंदी दिसायला त्याला बंद करून परत चालू करावं लागतं. आम्ही पीसी रोज सकाळी अगरबत्ती लावल्यावर चालू करतो, तेव्हा ते आपोआपच होतं. पण पहिले चार दिवस आम्ही सिंकथिंगलाच दोष देत होतो.

सर्व्हरवाल्याचे तोटे म्हणाल तर लाईट. फाईलवाली विकी लॅपटॉपच्या बॅटरीवर चालते, शेतात बांधावर बसून चालते. सर्व्हर काउंटरखालच्या पीसीत, लाईट गेली की वीस मिनिटं यूपीएस आणि मग अंधार. दुसरं म्हणजे तो कोणीतरी सांभाळावा लागतो, नोड जेएस अपडेट करा, विंडोजने रात्री रिस्टार्ट मारला तर परत चालू करा. घरात एक तरी माणूस काळ्या खिडकीला न घाबरणारा असावा. आमच्याकडे भाचा आहे. ज्याच्याकडे नाही त्याने फाईलवालंच वापरावं, अगदी मनापासून सांगतो.

आणि यावरचा इलाज टिडलीविकीतच आहे म्हणून मला ते जास्त आवडतं, सर्व्हरवाल्या विकीतून एका बटणावर सगळी विकी एका फाईलीत उतरवता येते. दर शनिवारी मी ती उतरवतो, एक पेनड्राईव्हवर, एक आप्पांच्या टॅबवर. त्यांनी त्यात काही लिहायचं नाही, फक्त बघायचं, अक्षर मोठं करून ठेवलंय. शेतावर मोटार बघायला गेलो की तीच फाईल माझ्या फोनमध्ये असते, तिथे नेट असो नसो. म्हणजे लिहायला सर्व्हर आणि फिरायला फाईल असा आमचा संसार बसलाय.

मराठीचं थोडं सांगतो कारण ह्याच्यावर कोणी बोलत नाही. टिडलीविकीला देवनागरी व्यवस्थित चालते, नोंदीचं नाव मराठीत ठेवा, टॅग मराठीत, काही अडत नाही. पण शोध अक्षराला अक्षर जुळवूनच होतो, आणि हे बहुतेक सगळ्याच नोट्सच्या सॉफ्टवेअरचं असंच आहे. मी वायंडिंग लिहितो, भाचा वाइंडिंग, हेल्पर वाईंडींग, तिघांचं शोधायला तीन वेळा शोधावं लागतं. मराठी २४ टाकले की इंग्रजी आकड्यांनी शोधल्यावर सापडत नाही. दुसऱ्या, पायऱ्या ह्यातला ऱ्य तर दोन पद्धतीने टाईप होतो, डोळ्यांना एकसारखा दिसतो आणि कंप्युटरला वेगळा. त्यात आमच्याकडे अहिराणी, ळ चा य करून बोलायची सवय, हेल्पर कळमसरेचा टॅग एकदा बोलतो तसाच लिहून बसला आणि त्या गावाच्या सहा मोटारी महिनाभर कुणाला सापडल्या नाहीत. आता टॅगांची यादी आधीच करून ठेवलीय, हाताने लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. आकडे सगळे इंग्रजी कीबोर्डचे. हा नियम पहिल्या दिवशी केला असता तर बरं झालं असतं, नंतर ४०० नोंदी दुरुस्त करत बसलो.

बाकीची पण बघितली, थोडक्यात सांगतो. ऑब्सिडियन फार देखणं आहे, नोंदी साध्या मार्कडाउन फाईलींत तुमच्याच फोल्डरमध्ये राहतात, २०२५ पासून धंद्यासाठी वापरायलाही फुकट झालं, त्यांची स्वतःची सिंक सेवा तेवढी पैशाची. लेखन, अभ्यास करणाऱ्याला मी टिडलीविकीच्या आधी हेच सुचवेन. फक्त सोर्स कोड खुला नाही. जोप्लिनच्या अ‍ॅपचा सोर्स कोड खुला आहे, नोंदी आपल्या मशीनवर आणि सिंकला ड्रॉपबॉक्स, वनड्राईव्ह, नेक्स्टक्लाउड किंवा त्यांचाच सर्व्हर जे पाहिजे ते जोडा, वर एंड टू एंड एन्क्रिप्शन, फोनचं अ‍ॅप चांगलं. झिम जुनं आणि साधं, जुन्या कंप्युटरवर पळतं. नोशन सर्व्हरवालं, ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी ऑफलाईनची सोय दिली, पण मूळ घडण सर्व्हरचीच. मला टिडलीविकी सोडवत नाही ते फील्ड आणि फिल्टरमुळे, डेटाचा तक्ता मला पाहिजे तसा निघतो.

कोणी विचारलं तर मी एकच विचारतो, लिहिणारे हात किती? एक असेल तर फाईल, टिडलीडेस्कटॉपमध्ये, बॅकअप चालू. दोन-तीन हात आणि एकाच छताखाली असले तर स्वतःच्या दुकानातला सर्व्हर. मार्क द्यायचे तर फाईलवाल्याला दहापैकी ९, सेव्हच्या भानगडीचा एक कापला. सर्व्हरवाल्याला ८. खर्च दोन्हीला शून्य, आमचा गेला तो यूपीएसला आणि दोन पेनड्राईव्हला. कंप्युटर म्हटलं की पुण्या-बेंगळुरूचं काम असं आमच्याकडे अजून बोलतात, पण विप्रोची सुरुवात १९४५ साली ह्याच अमळनेरला तेलाच्या गिरणीपासून झाली, आणि चार वर्षांपूर्वी मलाही ईमेलच्या पुढे काही येत नव्हतं.

पाचपैकी तीन डायऱ्या आत्तापर्यंत भरून झाल्यात. संध्याकाळी दुकान वाढवल्यावर आप्पा चष्मा लावून आकडे वाचतात, मी टाईप करतो, एका बैठकीत पंधरा-वीस होतात. वार्निश सांडलेल्या पानाची मोटार ह्या होळीला परत आली, तीच, पाटीवरचा नंबरही तोच. कॉइल कापून आप्पांनी स्वतः मोजली. ३८ निघाले.